पॅरिसच्या बिस्त्रोत जेवायला जाताना

पॅरिसमधल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात एका गल्लीतल्या छोट्या बिस्त्रोचं दार ढकलून मी आत गेलो. खिडकीजवळचं टेबल रिकामं दिसलं, म्हणून सरळ जाऊन बसलो. आपल्याकडे हॉटेलात आपण असंच करतो. वाढणाऱ्या बाई जवळ आल्या, ‘बाँझूर, मस्य’ म्हणाल्या आणि थांबल्या. मी मेन्यू मागितला. त्यांनी शांतपणे पुन्हा ‘बाँझूर’ म्हटलं. त्या माझ्या नमस्काराची वाट पाहत होत्या, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. टेबलही कुणाच्या तरी नावावर राखलेलं होतं. दोन दिवसांनी मी आधी फोन करून, वेळेवर, दारातच नमस्कार करून गेलो, आणि त्याच बाईंनी मला त्या दिवशीचा कुठला पदार्थ चांगला जमला आहे ते आपणहून सांगितलं.

महाराष्ट्रातून दरवर्षी पुष्कळ मंडळी पॅरिसला जातात. बहुतेकांचं जेवण टूर कंपनीने ठरवलेल्या भारतीय हॉटेलात होतं, किंवा आयफेल टॉवरच्या आसपास जिथे जागा मिळेल तिथे. ‘बिस्त्रोत आपल्याला जमणार नाही’ ही भीती अनेकांच्या मनात असते. ती अनाठायी आहे. मात्र तिथले रिवाज थोडे समजून घ्यावे लागतात. यातले बहुतेक रिवाज बिस्त्रोच्या आकारातून आलेले आहेत. पंचवीस-तीस खुर्च्या, आत एक स्वयंपाकी आणि एखादा मदतनीस, बाहेर वाढायला एक किंवा दोन माणसं. हे गणित डोळ्यांसमोर ठेवलं, की तिथलं काहीच विचित्र वाटत नाही.

बिस्त्रो म्हणजे नेमकं काय?

पॅरिसमध्ये बाहेर खाण्याच्या जागांची वेगवेगळी नावं आहेत आणि त्यांचा अर्थही वेगळा आहे. कॅफेत दिवसभर कॉफी, पेयं आणि हलकं खाणं मिळतं. ब्रासरीचा मूळ अर्थ बिअर गाळण्याची जागा. ही मोठी, झगमगीत आणि बहुधा सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चालणारी जागा. ‘बुइयाँ’ ही 19व्या शतकात कामगारवर्गासाठी सुरू झालेली स्वस्त जेवणाची मोठी दालनं. 1896 मध्ये सुरू झालेलं ‘बुइयाँ शार्तिए’ आजही चालू आहे आणि तिथले वेटर टेबलावरच्या कागदावरच बिलाची बेरीज मांडतात. बिस्त्रो या सगळ्यांहून लहान आणि घरगुती. पुष्कळदा नवरा-बायकोने चालवलेला, जस्ताच्या पत्र्याने मढवलेला छोटा बार, चिकटून मांडलेली टेबलं आणि रोज खडूने लिहिली जाणारी पाटी.

या शब्दाची एक गोष्ट तुम्हाला पॅरिसमध्ये नक्की ऐकवली जाईल. 1814 मध्ये रशियन सैन्य पॅरिसमध्ये होतं, तेव्हा सैनिक ‘बिस्त्र, बिस्त्र’, म्हणजे ‘लवकर, लवकर’, असं ओरडत खाणं मागायचे आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी ती गोष्ट. माँमार्त्रच्या टेकडीवर एका जुन्या रेस्टॉरंटच्या भिंतीवर तशी पाटीही आहे. भाषेचे अभ्यासक मात्र ती मानत नाहीत, कारण हा शब्द छापील फ्रेंचमध्ये दिसतो तो 1880च्या दशकात, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी.

बिस्त्रोचा खरा इतिहास पोटासाठी शहरात आलेल्या माणसांचा आहे. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य आणि आव्हेराँ या डोंगराळ, गरीब भागांतून माणसं पॅरिसला आली. आधी त्यांनी घरोघरी पाणी वाहिलं, मग लाकूड आणि कोळसा विकला. त्यांना ‘बून्या’ म्हणत. कोळशाच्या दुकानाच्या एका बाजूला ते वाइनचा पेला देऊ लागले आणि पुढे घरच्या चुलीवरचं जेवणही. गिरणगावातल्या खानावळी ज्यांना आठवतात, त्यांना हे ओळखीचं वाटेल. गावाकडून आलेल्या माणसाला त्याच्या खिशाला परवडणारं, एका हातचं, रोजचं जेवण, हाच दोन्हींचा पाया.

या परंपरेला अलीकडे एक नवं वळण मिळालं. इव्ह काँदबोर्द या तरुण शेफने क्रियाँसारख्या आलिशान हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केल्यावर 1992 मध्ये पॅरिसच्या 14व्या विभागात ‘ला रेगालाद’ हा साधा बिस्त्रो काढला. मोठ्या हॉटेलातलं कसब, पण पांढऱ्या टेबलक्लॉथचा थाट नाही आणि बिलही आवाक्यातलं. पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला आणि या धाटणीला ‘बिस्त्रोनोमी’ असं नाव पडलं. आज तुम्हाला दोन्ही तऱ्हेचे बिस्त्रो भेटतील. जुन्या धाटणीचे, जिथे तेच ते पदार्थ वर्षानुवर्षं मिळतात, आणि नव्या धाटणीचे, जिथे बाजारात काय आलं त्यावर पाटी रोज बदलते.

जागा कशी निवडावी?

प्रसिद्ध स्थळापासून दहा-पंधरा मिनिटं चालत दूर जा. दारात उभं राहून बोलावणारा माणूस, पदार्थांचे रंगीत फोटो आणि सहा भाषांतलं लांबलचक मेन्यूकार्ड असेल, तर पुढे चला. पदार्थ आणि किमती बाहेर लावणं फ्रान्समध्ये बंधनकारक आहे, त्यामुळे आत न जाताही सगळं वाचता येतं. सुरुवातीचे तीन-चार, मुख्य तीन-चार आणि शेवटचे गोड तीन-चार एवढेच पदार्थ असतील, तर ते चांगलं लक्षण. एका स्वयंपाक्याला रोज ताजं करता येईल तेवढंच तो लिहितो.

मेन्यूवर पातेल्याच्या डोक्यावर घराचं छप्पर असलेलं छोटं चित्र शोधा. 2014 मध्ये आलेली ही ‘फे मेझाँ’ची, म्हणजे ‘इथेच बनवलेलं’ याची अधिकृत खूण आहे. कारखान्यात तयार झालेला पदार्थ नुसता गरम करून वाढला, तर ती खूण लावता येत नाही. मात्र खूण नाही म्हणजे जेवण वाईट, असं नाही. अनेक चांगले बिस्त्रो ती लावतही नाहीत.

खर्चाचं म्हणाल, तर दुपारी जा. दुपारी ‘फॉर्म्युल’ नावाचा ठरावीक किमतीचा संच असतो. दोन किंवा तीन पदार्थ, साधारण वीस ते तीस युरोंत. रात्री त्याच खुर्चीवर त्याच हातचं जेवण बरंच महाग पडतं. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं जेवायला येतात, त्यामुळे पॅरिसचं रोजचं जगणंही पाहायला मिळतं.

वेळ आणि आरक्षण

इथे आपली मंडळी सर्वांत जास्त अडखळतात. बिस्त्रोचं स्वयंपाकघर दुपारी साधारण 12 ते 2 आणि संध्याकाळी 7 किंवा साडेसातपासून रात्री 10पर्यंत चालतं. मधल्या वेळात चूल बंद. दुपारी तीन वाजता पोहोचलात तर कितीही विनंती केली तरी जेवण मिळणार नाही, कारण तेवढीच माणसं रात्रीची तयारी करत असतात. अशा वेळी ‘सर्व्हिस काँतिन्यू’, म्हणजे मधे बंद न होता चालणारं स्वयंपाकघर, अशी पाटी असलेली ब्रासरी शोधावी. अनेक बिस्त्रो रविवारी आणि सोमवारी बंद असतात आणि ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे मालक सुटीवर जातात. निघण्यापूर्वी हे तपासून घ्या.

रात्रीसाठी जागा आधी राखून ठेवा. फोन केला तर ‘ऊन ताब्ल पूर द’, म्हणजे दोघांसाठी एक टेबल, एवढं सांगून पुढे इंग्रजीत बोललं तरी चालतं. शाकाहार किंवा अ‍ॅलर्जी याच वेळी सांगा, टेबलावर बसल्यावर नको. उशीर होणार असेल तर कळवा आणि यायचं रद्द झालं तर नक्की कळवा. पंचवीस खुर्च्यांच्या जागी चार माणसं न सांगता आली नाहीत, तर त्या वेळच्या कमाईचा जवळजवळ सहावा हिस्सा गेला.

दोघं, तिघं किंवा फार तर चौघं ही बिस्त्रोसाठी योग्य संख्या. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर दोन वेगळ्या टेबलांची तयारी ठेवा, नाही तर ब्रासरी किंवा बुइयाँ गाठा. सोबत वयस्कर आईवडील असतील तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. जुन्या इमारतींत स्वच्छतागृह बहुधा तळघरात, अरुंद वळणदार जिन्याने उतरून असतं. गुडघे दुखणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

दारातून आत शिरताना

आत पाऊल टाकताच ‘बाँझूर’ म्हणा. संध्याकाळ असेल तर ‘बाँस्वार’. पुढे ‘मस्य’ किंवा ‘मादाम’ जोडा. फ्रेंच माणसाच्या लेखी हा औपचारिकपणा नाही. समोरच्याला माणूस म्हणून ओळख दिल्याची ही खूण आहे. नमस्कार न करता काही मागणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. मग थांबा आणि दाखवतील त्या टेबलावर बसा. टेबलं इतकी चिकटून असतात, की भिंतीकडच्या बाकावर बसायचं असेल तर वाढणारा टेबल बाहेर ओढून वाट करून देतो. आपण ते स्वतः ओढू नये.

शेजारच्या टेबलावरचा माणूस हातभर अंतरावर असतो, म्हणून सगळे हळू आवाजात बोलतात. फोनवर बोलायचं असेल तर बाहेर जावं. फुटपाथवरच्या टेबलांचा मोह होतो, पण आत धूम्रपानाला 2008 पासून बंदी असल्यामुळे सिगारेट ओढणारे बाहेरच बसतात. धुराचा त्रास होत असेल तर आतलं टेबल मागा.

पाटी वाचताना

‘मन्यू’ म्हणजे आपण समजतो तो मेन्यू नव्हे. तो ठरावीक किमतीचा संच. पदार्थांच्या पूर्ण यादीला ‘ला कार्त’ म्हणतात. ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकन मेन्यूंमध्ये हाच शब्द मुख्य पदार्थासाठी वापरतात, त्यामुळे गोंधळ होतो. ‘प्ला’ म्हणजे मुख्य पदार्थ आणि ‘देसेर’ म्हणजे शेवटचं गोड. ‘प्ला द्यू झूर’ म्हणजे त्या दिवशीचा खास पदार्थ, आणि अडलं तर तोच मागवावा. सकाळी बाजारातून आणलेलं त्यात असतं.

मांसाहारी वाचकांनी काही शब्द पाठ करावेत. ‘बफ’ म्हणजे गोमांस आणि ‘व्हो’ म्हणजे वासराचं मांस. ‘आँत्रकोत’, ‘बाव्हेत’, ‘आँग्ले’ ही गोमांसाच्याच तुकड्यांची नावं आहेत, जरी त्यात ‘बफ’ हा शब्द दिसत नसला तरी. ‘पोर’, ‘कोशाँ’, ‘जाँबाँ’, ‘लार्दाँ’ हे सगळं डुकराचं. लार्दाँ, म्हणजे मांसाचे बारीक तुकडे, सॅलडमध्येही न सांगता येतात. ‘रियेत’ आणि ‘तेरीन’ यांत बहुधा डुकराचं मांस असतं. ‘तार्तार’ म्हणजे कच्चं मांस किंवा कच्चा मासा. ‘आँदुयेत’ हे आतड्यांपासून केलेलं सॉसेज, त्याचा वास उग्र असतो. ‘पुले’ म्हणजे कोंबडी, ‘कानार’ बदक, ‘आन्यो’ कोकरू, ‘प्वासाँ’ मासा. फ्रान्समधल्या रेस्टॉरंटांना मांस कुठल्या देशातून आलं हे सांगावं लागतं आणि अ‍ॅलर्जी आणणाऱ्या 14 घटकांची लेखी माहितीही ठेवावी लागते. निःसंकोच विचारा.

आपल्या जिभेला पटकन रुचणारे पदार्थही पुष्कळ आहेत. ‘काँफी द कानार’ म्हणजे बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवून शेवटी कुरकुरीत केलेली. भाजलेली कोंबडी आणि तिचा रस मुरलेले बटाटे. ‘सोल मनियेर’, म्हणजे पिठात घोळवून लोण्यात तळलेला चपटा मासा, त्यावर लिंबू. आपल्या तळलेल्या लेपाची आठवण करून देणारा हा पदार्थ, फक्त मसाल्याऐवजी लोण्याचा सुवास. इथलं जेवण तिखट नसतं. त्याची चव लोणी, वाइन, मोहरी, हर्ब्ज आणि हाडांच्या रसातून येते. पहिल्या घासाला फिकं वाटलं तर लगेच मिठाकडे हात नेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला चव उलगडते. दारू वर्ज्य असेल तर ‘ओ व्हाँ’ हे शब्द टाळा, शिजताना अल्कोहोल पूर्णपणे उडून जात नाही.

शाकाहाऱ्यांसाठी

पारंपरिक बिस्त्रो मांस-माशांवर उभा आहे, हे मान्य करूनच जा. पण उपाशी राहावं लागत नाही. सुरुवातीला ‘प्वारो व्हिनेग्रेत’, म्हणजे उकडलेला लीक आणि मोहरी-व्हिनेगरचं ड्रेसिंग, किसलेल्या गाजराची कोशिंबीर, किंवा गरम बकरीच्या चीजचं सॅलड मागवा. अंडं चालत असेल तर ‘अफ मायोनेझ’ हा बिस्त्रोचा मानबिंदू चाखून पाहा. उकडलेलं अंडं आणि घरी घोटलेलं मायोनेज, एवढंच, पण जमलं तर अप्रतिम. मुख्य पदार्थात ऑम्लेट आणि सॅलड, किंवा दूध-सायीत भाजलेल्या बटाट्यांचा ‘ग्रातँ दोफिन्वा’. तोही नसेल तर ‘ऊन आसियेत द लेग्यूम’, म्हणजे भाज्यांची एक ताटली मागा. मांसाबरोबर द्यायच्या भाज्या तयारच असतात आणि त्या मांडून देता येतात.

विचारताना नुसतं ‘शाकाहारी’ म्हणू नका. ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ, साँ लार्दाँ’, म्हणजे मांस, मासा आणि लार्दाँ यांच्याशिवाय, असं स्पष्ट सांगा. कांद्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण बहुधा मांसाच्या रसात केलेलं असतं. काँते, रॉकफोर यांसारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातून मिळणारं रेनेट वापरतात. मूसमध्ये कच्चं अंडं असतं, काही गोड पदार्थांत जिलेटिन. हे ज्यांना अजिबात चालत नाही, त्यांनी आणि कांदा-लसूण-बटाटा न खाणाऱ्या जैन वाचकांनी बिस्त्रोवर ताण देऊ नये. गार द्यू नॉर स्टेशनच्या उत्तरेला ला शापेल भागात तमिळ मंडळींची शाकाहारी हॉटेलं आहेत. तिथे जेवावं आणि एखादा बिस्त्रो दुपारनंतर कॅफे म्हणून चालत असेल तर तिथे कॉफीचा आनंद घ्यावा.

पाव, पाणी, वाइन

पाव आपोआप येतो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. तो ताटलीत न ठेवता टेबलक्लॉथवरच ठेवतात आणि हाताने तोडून खातात. ताटलीत उरलेला रस पावाने टिपून घेतला तर स्वयंपाक्याला आनंदच होतो. पाणी मागताना ‘ऊन कराफ दो, सिल व्हू प्ले’ म्हणा. नळाचं पिण्याचं पाणी सुरईत मोफत येतं आणि ते देणं बंधनकारक आहे. नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत तर विकतची बाटली येण्याची शक्यता आहे. वाइन घेणं सक्तीचं नाही. घ्यायची असेल तर पेल्याने किंवा 25 सेंटीलिटरच्या ‘पिशे’ने मागवा आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती, हे वाढणाऱ्यालाच विचारा.

एकच पदार्थ मागवून चौघांनी वाटून घेणं इथे चालत नाही. प्रत्येक माणसाने निदान एक मुख्य पदार्थ घ्यावा. सुरुवातीचा किंवा गोड पदार्थ दोघांत वाटून घ्यायला हरकत नसते. मुख्य पदार्थानंतर चीज, मग गोड आणि त्यानंतर काळी कॉफी, असा क्रम आहे. दुधाची कॉफी फ्रेंच माणूस जेवणानंतर घेत नाही. गोडात ‘ईल फ्लोताँत’, म्हणजे कस्टर्डवर तरंगणारा फेटलेल्या अंड्याचा मऊ ढग, किंवा सफरचंदाची उलटी भाजलेली ‘तार्त ताताँ’ जरूर घ्या.

उठताना

दोन पदार्थांमध्ये वेळ जातो. आत एकच माणूस तुमच्यासाठी शिजवतो आहे, हे लक्षात ठेवा. चुटकी वाजवू नका, ‘गार्साँ’ म्हणून हाक मारू नका. नजरेला नजर मिळाली की ‘सिल व्हू प्ले’ म्हणा. बिल कधीच आपणहून येत नाही, कारण जेवणाऱ्याला उठवणं तिथे असभ्यपणाचं समजतात. ‘लाडिसियाँ, सिल व्हू प्ले’ म्हटलं, की येतं. मेन्यूवरच्या किमतींत कर आणि सेवाशुल्क दोन्ही धरलेले असतात. खूश असाल तर एक-दोन युरोंची नाणी ठेवा, नाही ठेवली तरी कुणाचा अपमान होत नाही. अन्न उरलं तर न लाजता डबा मागा. 1 जुलै 2021 पासून तो देणं कायद्याने बंधनकारक आहे. निघताना ‘मर्सी, ओ रव्वार’ म्हणा.

2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंचांच्या ‘मेजवानीच्या जेवणाला’ मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या नोंदीत कुठल्याही एका पदार्थाचा गौरव नाही. माणसांनी एकत्र बसून, क्रमाने, सावकाश जेवण्याचा आहे. तो वारसा पाहायला मोठ्या हॉटेलात जावं लागत नाही. पॅरिसच्या सहलीतल्या एका दिवशी तरी ठरलेल्या बुफेला न जाता दोघांसाठी एक टेबल राखून ठेवा, पुढचे दोन तास कुठलंही तिकीट काढू नका आणि दारातून शिरताना नमस्कार करायला विसरू नका.